आबांच्या खिशातला कांदा

प्रिय चिमणे,

मे महिन्यात तू फ्रिजवर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी अजून तिथंच आहे. "आबांच्या खिशात कांदा का असतो? आणि बाबा, तू अकोल्याचा आहेस तर तुला उन्हाळा का आवडत नाही?" दोन महिने मी त्या चिठ्ठीसमोर उभा राहून दूध काढतोय आणि रविवारी सांगतो, रविवारी सांगतो करतोय. आता जुलै संपत आला. रात्रीचे दहा वाजून गेलेत, इथं फिनिक्समध्ये बाहेर अजून ३९ अंश आहे, तू आणि आई झोपलात. बसतोच आज.

आधी कांदा. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झाले होते आणि अकोल्यात सकाळचे नऊ. आबा पेन्शनसाठी बँकेत निघाले होते. आजी बोलता बोलता उठली, परडीतला एक लहान कांदा घेतला आणि आबांच्या सदऱ्याच्या खिशात टाकला. आबांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. पन्नास वर्षं झाली, त्यांना ते आता बटण लावण्यासारखं झालंय. (अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करतात, आपल्या अ‍ॅरिझोनात नाही, १९६८ पासून नाही. अशा उन्हात सूर्य अजून तासभर उशिरा मावळावा असं कोणाला वाटेल? आजीला हे राज्य त्यामुळं फार आवडतं. साडेबारा तासांचा फरक एकदा पाठ केला की झालं.)

खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, असं आमच्या वऱ्हाडात घरोघरी मानतात. खरं सांगू? खिशातला कांदा ऊन बिन काही शोषत नाही. ऊन लागतं म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे जातं, मग घाम पुरेनासा होतो आणि अंग तापत जातं. त्यावर खिशातल्या कांद्याचा काय इलाज चालणार! पण आबा पोस्टमन होते हे तुला माहीत आहे. खाकी शर्ट, खांद्यावर थैली, काळी सायकल, डोक्याला नि कानाला गुंडाळलेला दुपट्टा. जठारपेठेतली टपाल वाटून झाली की दुपारी कुठल्या तरी निंबाखाली डबा उघडायचा, खिशातला कांदा दगडावर ठेवून बुक्कीनं फोडायचा आणि भाकरीबरोबर मीठ लावून खायचा. मी सुट्टीत एकदा त्यांच्याबरोबर मागच्या कॅरिअरवर बसून गेलो होतो, तेव्हा पाहिलंय. बुक्की बसली की कांद्याच्या पाकळ्या सुट्या व्हायच्या, मधला कोंब आबा मला द्यायचे. तो गोड लागायचा. तर कांद्याचं काम काय होतं ते तूच ठरव.

त्या दिवशी मला अजून एक गोष्ट दिसली, आणि कांद्यापेक्षा ती मला जास्त सांगावीशी वाटते. टपाल द्यायला दारात सायकल थांबली की आतून हाक यायची, "या पोस्टमनदादा, पाणी घ्या." वाटीत गुळाचा खडा आणि तांब्यात माठातलं पाणी. उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी द्यायचं नाही, आधी गूळ. कारण विचारलं तर कोणी म्हणायचं पाणी बाधत नाही, कोणी म्हणायचं तरतरी येते. मला वाटतं, गूळ चघळायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ माणूस सावलीत टेकतो. गूळ कोणाला द्यायचा हे ठरलेलं नसायचं. पोस्टमन, भंगारवाला, गॅसवाला, चुकून दार वाजवलेला परका माणूस, जो उन्हातून आला तो पाहुणा. आबा नको म्हणायचे नाहीत. एका फेरीत किती गूळ पोटात जायचा देव जाणे. आता त्यांची साखर वाढलीय, त्याचं खापर ते त्या गुळावर फोडतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. तू समजतेस, अकोल्याच्या माणसाला उन्हाची सवय असते. सवय होती, प्रेम नव्हतं. मे महिन्यात ४४-४५ अंश म्हणजे आमच्याकडे बातमी नाही. बातमी कधी, तर अकोला पहिला की चंद्रपूर पहिलं, की यंदा ब्रह्मपुरीनं बाजी मारली, अशी. आपलं गाव सगळ्यात तापलं तर लोक कुरकुरत अभिमान बाळगायचे, जणू क्रिकेटची मॅचच जिंकली. २०२४ च्या मे महिन्यात तर ऊन इतकं होतं की अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावलं. हे कलम तेव्हा एरवी दंगलीबिंगलीत लावायचे, म्हणजे लोकांनी जमायचं नाही. आबा म्हणाले, "सूर्यानं दंगल केली, पकडलं आम्हाला."

मग आम्ही राहायचो कसे? दिवसच वेगळा लावून घ्यायचो. शाळा सकाळची, कामं दहाच्या आत. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. खिडकीत कूलर. मार्चमध्ये त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकीत बादल्या ओतायच्या. ते काम माझं. नळ चार-चार दिवसांनी यायचा आणि कूलर माणसांपेक्षा जास्त पाणी प्यायचा, त्यावरून घरात रोज एक भांडण. पण ओल्या ताट्यांतून पहिला वारा आला की वाळ्याचा असा वास सुटायचा की भांडण तिथंच मिटायचं. पाणी वाळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, कूलरची सगळी करामत एवढीच. माठाचंही तेच. माठ अगदी बारीक पाझरतो, बाहेरचा ओलावा वाळतो, आतलं पाणी गार होतं. म्हणून माठाला रंग दिला की तो नुसता शोभेचा उरतो.

आईला हे सगळं सांगितलं की ती हसते. ती चिपळूणची. तिथं हवाच ओली, घाम वाळतच नाही, तर कूलरमधलं पाणी काय वाळणार! "तुमचा उन्हाळा कोरडा, सोपा," असं ती म्हणते, आणि मी म्हणतो, "ये एकदा नवतप्यात," म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात वाईट नऊ दिवसांत. हे आमचं लग्नापासून चाललंय. तिच्याकडचं कोकम मात्र मला मान्य आहे.

तुला गंमत सांगतो. फिनिक्समध्ये एसी येण्यापूर्वी इथंही असेच कूलर होते. त्यांना 'स्वॉम्प कूलर' म्हणतात, दलदलीचा कूलर! लोक रात्री व्हरांड्यात खाटा टाकून, भोवती ओल्या चादरी टांगून झोपायचे. आम्ही गच्चीवर झोपायचो तसंच. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, मग गाद्या. आणि माठ? ओसरीत टांगलेलं मातीचं भांडं, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. त्याला ओया म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातलं ते तांबडं भांडं मी हौसेनं नाही आणलं. आजीनं दिलेला माठ विमानात सामानात फुटला, नुसती खापरं हातात आली. मग मेक्सिकन दुकानात हे दिसलं. बिनचकाकीचं, आतून हात फिरवला तर माठासारखंच खरखरीत. पहिले तीन दिवस पाण्याला मातीचा वास येत होता, तेव्हा तू तोंड वाकडं केलं होतंस. मी मात्र मुद्दाम तेच पाणी पीत होतो.

तर मला उन्हाळा तेव्हाही आवडत नव्हता. दुपारभर कोंडून घातलं म्हणून मी धुसफुसायचो. दहा वर्षांचा असताना भर दुपारी पळून क्रिकेट खेळायला गेलो आणि ऊन लागलं. उलट्या, डोकं फुटतंय, अंग भट्टी. आजीनं कांदा किसून तळपायांना चोळला (तो काही उतरवत नसावा, पण तिचा हात बरा वाटत होता), डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि चमच्या-चमच्यानं कैरीचं पन्हं पाजलं, मीठ जरा जास्त घालून. औषध तेच होतं. आबा कामावरून आले, मला पाहिलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात कांदा.

फरक एवढाच की त्या उन्हाळ्याला तारीख होती. आजीच्या पंचांगात सगळं लिहिलेलं. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तेव्हा नवतपा लागतो, सगळ्यात वाईट नऊ दिवस. ते तापले की आजी उलट खूश. "तापू द्या, पाऊस धरतो." मग ७ जूनच्या आसपास मृग लागतं. प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन असतं, पाऊस त्यावर बसून येतो म्हणे. बेडूक, म्हैस, हत्ती असला की भरपूर पाऊस. एका वर्षी उंदीर आला तेव्हा आजीचं तोंड उतरलं होतं, आणि मी रात्री गच्चीवर पडून विचार करत होतो की उंदीर बिचारा किती पाणी आणणार. तुला हे सगळं खोटं वाटेल. हवामान खात्याला विचारलं तर उंदराचा काही संबंध नाही. पण वाट बघायला काहीतरी लागतं.

आणि तो यायचा. जूनमध्ये कधीतरी, चार दिवस इकडे तिकडे. आधी धूळ, मग अंधार, मग पत्र्यावर पहिले थेंब, वेगवेगळे मोजता येतील असे. सगळी गल्ली बाहेर. कोणी कोणाला काही विचारायचं नाही, नुसतं भिजायचं. आजी पापड-कुरडयांचे डबे आत ढकलत ओरडायची. दोन-तीन दिवसांत शेताच्या बांधावर मृगाचे किडे निघायचे, लाल मखमलीचे, वाटाण्याएवढे. बोट लावलं की पाय पोटात घेऊन गप्प. काड्यापेटीत दोन किडे ठेवून मी शाळेत नेले होते. आबांची टपाल भिजायला लागायची, मग कांदा परडीत परत आणि पिशवीवर प्लास्टिक.

इथं तारीख आहे, पण पाऊस तिचं ऐकत नाही. अ‍ॅरिझोनाचा मान्सूनही कॅलेंडरवर १५ जूनला सुरू होतो, ३० सप्टेंबरला संपतो, नावही तेच. २०२३ आठवतं का? तू लहान होतीस. बागेतल्या घसरगुंडीला हात लावून रडली होतीस, मोटारीच्या पट्ट्याची कडी लागून मांडीवर लाल वळ उठला होता. त्या वर्षी ३० जून ते ३० जुलै, सलग ३१ दिवस पारा तुझ्या फॅरनहाइटच्या भाषेत ११० किंवा त्याच्या वर, माझ्या भाषेत ४३ च्या वर. आणि सबंध मान्सूनभर फिनिक्सच्या विमानतळावर पाऊस मोजला गेला ०.१५ इंच. चार मिलिमीटर, बाळा. अकोल्यात एवढ्यात छत्रीसुद्धा कोणी शोधत नाही. एका संध्याकाळी धुळीची भिंत आली होती, ज्याला इथं हबूब म्हणतात. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. सवयीनं. आधी धूळ, मग अंधार, सगळं बरोबर जुळत होतं. मग धूळ खाली बसली आणि पुढं काहीच झालं नाही. आई दारातून म्हणाली, "या आत, दात वाळूनं भरतील."

जूनमध्ये मी चिडचिडा का होतो ते तू विचारलं नव्हतंस, पण चिठ्ठीत तेच होतं बहुतेक. घरात पाच महिने पंचवीस अंश असतात, दुपारीही तेवढेच आणि संध्याकाळीही. नळ गार बाजूला फिरवला तरी पाणी गरम. सोय आहे, नाही म्हणत नाही. एसी नसता तर इथं माणसं मेली असती, आणि ज्यांच्याकडे नसतो ती मरतातही. तरी ७ जून आला की मी अजून आभाळाकडे बघतो. ऑगस्टात कधी रात्री खरंच चार थेंब पडतात आणि वाळवंटातल्या झुडपांचा तो कडवट वास येतो, तेव्हा तुला उठवून बाहेर नेतो ना, ते म्हणूनच.

एक विचारायचं राहिलं. आपल्या दारात तू पाण्याच्या बाटल्यांचा डबा ठेवतेस, टपाल आणणाऱ्या बाईंसाठी आणि पार्सलवाल्यांसाठी. गल्लीत बरेच जण ठेवतात. पण काल त्यात बर्फाशेजारी एक छोटी पिशवी होती आणि पिशवीत आजीनं पाठवलेल्या गुळाचे तीन खडे. आई म्हणते, तिनं नाही ठेवले. आज संध्याकाळी डबा आत आणला तर दोनच होते.

उद्या ओया भरायची पाळी तुझी. सकाळी सहाच्या आत भर, नंतर नळाला गरमच येतं. आणि आबांना फोन लाव, अकोल्यात पाऊस कसा काय आहे ते विचार. मी विचारणार नाही, ते मुद्दाम खिडकी उघडून आवाज ऐकवतात.

तुझा,
बाबा

ता. क. दप्तरात सापडलेला कांदा मी परत टोपलीत ठेवलाय. तीन दिवसांत तो तू खाल्ला नव्हतास, आणि तुझ्या गणिताच्या वहीला अजून वास येतोय.