अँटिगनीचा सदसद्विवेक, की अँटिगनीचा धर्म?

प्रश्न असा आला आहे : ‘प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या “अँटिगनी” या नाटकातील संघर्षाला “सदसद्विवेकबुद्धी विरुद्ध राज्याचा कायदा” असे म्हणणे बरोबर आहे का? की “मनोदेवता” हा शब्द अधिक योग्य ठरेल? आणि लिहिताना “सद्सद्विवेक” लिहावे की “सदसद्विवेक”?’

‘सदसद्विवेक विरुद्ध कायदा’ हा शब्दप्रयोग आता इतका रूढ झाला आहे की त्याला चूक म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही मूळ ग्रीक संहितेशी ताडून पाहिले, तर त्यातील दोन्ही बाजूंचे शब्द मला अपुरे वाटतात, आणि ‘कायदा’ हा शब्द तर अधिकच.

थीब्ज नगरीवर चालून आलेला पॉलिनायसीझ आणि तिचे रक्षण करणारा एटिओक्लीझ हे भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. सत्तेवर आलेला त्यांचा मामा क्रेऑन पॉलिनायसीझचे प्रेत उघड्यावर टाकण्याचा हुकूम काढतो आणि त्यांची बहीण अँटिगनी तो मोडून प्रेतावर माती घालते. नाटकाच्या अगदी आरंभी ती या हुकमाला ‘केरुग्मा’ म्हणते. ‘केरुक्स’ म्हणजे पुकारा करणारा राजदूत. तेव्हा केरुग्मा म्हणजे त्याने दिलेली घोषणा, आपल्याकडची दवंडी. त्याच वाक्यात ती क्रेऑनला राजा न म्हणता ‘स्ट्रॅटेगॉस’, म्हणजे सेनापती, म्हणते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे तिला पकडून आणल्यावर क्रेऑन विचारतो, ‘हे नियम ओलांडण्याचे धाडस तू केलेस?’ येथे त्याचा शब्द आहे ‘नोमॉस’, म्हणजे खरोखरीचा कायदा. अँटिगनी तो त्याच्या हाती राहू देत नाही. ही दवंडी देवराज झ्यूसने पिटली नव्हती, असे ती उत्तर देते. क्रेऑनच्या आज्ञांना पुन्हा केरुग्माच म्हणते, आणि देवांच्या बाजूला ‘नोमिमा’ ठेवते. हे नोमिमा अलिखित आणि अढळ आहेत. ते आजकालचे नसून सदैव जिवंत आहेत, आणि ते केव्हा प्रकटले हे कोणालाच ठाऊक नाही, असे तिचे म्हणणे आहे. नोमिमा हा नोमॉसच्याच कुळातला शब्द असून त्याला रीत, आचार, पाळणूक अशी छटा आहे. म्हणजे कायदा कोणाच्या बाजूला आहे हाच या दोघांच्या वादाचा विषय आहे, आणि आपण क्रेऑनच्या बाजूला ‘कायदा’ असे लिहिले की निकाल आधीच त्याच्याकडे झुकतो. इ. स. पू. 441च्या सुमारास नाटक पाहणाऱ्या अथेन्सकरांना हा फरक नक्कीच जाणवत असणार. देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, भूमीत पुरू नये, असा नियम त्यांच्याकडेही होता. पण सीमेबाहेर नेऊन पुरण्यास त्या नियमाची आडकाठी नव्हती. क्रेऑनचा हुकूम याच्या पुष्कळ पुढे जातो. म्हणून त्या बाजूला ‘राजाज्ञा’ किंवा ‘फर्मान’ हे शब्द मला अधिक चपखल वाटतात.

आता सदसद्विवेक. ‘माझे मन मला सांगते’ अशा अर्थाचा युक्तिवाद अँटिगनी करीत नाही. ती झ्यूसचे, पाताळातील देवांचे, मृतांचे आणि एका आईच्या पोटी जन्मलेल्या भावाचे नाव घेते. कोरस, म्हणजे नाटकातील गायकवृंद, तिला ‘आउतोनोमोस’, म्हणजे स्वतःच्याच नियमाने चालणारी, म्हणतो खरा. पण तो शब्द कोरसचा आहे, तिचा नाही. शिवाय मरणाच्या वाटेवर ती सांगते की पती किंवा मूल मेले असते तर मी नगराविरुद्ध असे वागले नसते, कारण दुसरा पती मिळू शकतो, दुसरे मूल होऊ शकते. आईबाप वारल्यावर दुसरा भाऊ मात्र मिळत नाही. या ओळी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेल्या, ठराव्यात असे जर्मन कवी गटेला वाटत असे, आणि त्याची अडचण समजण्यासारखी आहे, कारण सार्वत्रिक विवेक असा हिशेब मांडत नाही. बहिणीचे कर्तव्य मात्र मांडू शकते. म्हणूनच येथे ‘धर्म’ हा शब्द घ्यावा. क्रेऑनही स्वतःच्या समजुतीप्रमाणे राजधर्मच पाळत असतो, हेही त्याच शब्दात सामावते.

‘मनोदेवता’ मी टाळीन. टिळकांनी ‘गीतारहस्या’त या देवतेचा पक्ष सविस्तर मांडून तो खोडला आहे, बऱ्यावाईटाची निवड करणारी कोणी स्वतंत्र देवता नाही, ते बुद्धीचेच काम आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एवढा वाद पाठीशी असलेला शब्द अँटिगनीवर लादण्याचे कारण नाही. तिचे देव मनातले नाहीतच.

सदसद्विवेक हा शब्द वापरायचाच असेल, तर त्याला शोभणारे पात्र सोफोक्लीजच्याच ‘फिलॉक्टेटिस’मध्ये (इ. स. पू. 409) सापडते. सैन्याच्या हितासाठी आजारी फिलॉक्टेटिसचे धनुष्य कपटाने मिळवण्याचे काम ओडिसियस तरुण नेओप्टोलेमसवर सोपवतो. काम जवळजवळ फत्ते झाल्यावर तो तरुण म्हणतो की माणूस आपला स्वभाव सोडून त्याला न साजेसे वागू लागला की सारेच किळसवाणे होते. आणि अखेर तो धनुष्य परत करतो. येथे देवांचा अलिखित आचार पुढे केलेला नाही. आतली टोचणी आहे आणि वरून आलेला आदेश आहे. युरिपिडीसच्या ‘ओरेस्टीस’मध्येही (इ. स. पू. 408) तुला कोणता रोग ग्रासतो आहे, या प्रश्नाला आईचा वध केलेला ओरेस्टीस ‘सुनेसिस’ असे उत्तर देतो : मी भयंकर कृत्य केले आहे याची जाणीव. ती मात्र कृत्यानंतरची आहे, म्हणून तिला सदसद्विवेकापेक्षा ‘मनाची टोचणी’ हेच नाव बरे.

लेखनाविषयी शंका नको. सत् आणि असत् यांचा संधी ‘सदसत्’ असा होतो, म्हणून ‘सदसद्विवेक’ हेच रूप शुद्ध; ‘सद्सद्विवेक’ लिहिले की त्यातला ‘असत्’चा ‘अ’ गळतो आणि निवड करायला नुसते ‘सत्’ दोनदा उरते.