गाडी घ्यावी की लोकलचा पास काढावा?

डोंबिवलीच्या एका ताईंचं २०२१ मधलं, कोरोनाच्या काळातलं पत्र आहे (माझं उत्तर, त्यातले दर आणि नियमही तेव्हाचेच): "लॉकडाउनमध्ये १ लाख ८० हजार साठले. आमच्या दोघांचे दोन्ही डोस झालेत. वर सव्वा लाखाचं कर्ज काढून सेकंड-हँड वॅगनआर घेऊ का? ह्यांना आठवड्यातून तीन दिवस फोर्टला जावं लागतं, शेअरच्या गाडीला महिना ६,००० पडतात."

ताई, जूनमध्ये विचारलं असतंत तर मी कदाचित हो म्हटलं असतं. तेव्हा लोकल आपल्यासारख्यांना बंदच होती. आता १५ ऑगस्ट २०२१ पासून दुसऱ्या डोसला १४ दिवस झालेल्यांना महिन्याचा पास मिळतोय. स्टेशनवर प्रमाणपत्र आणि आधार दाखवायचं, शिक्का मारून घ्यायचा, खिडकीवर जायचं. म्हणजे लशीने तुमचे महिन्याचे पाचेक हजार वाचवले. गाडीने काय होईल? जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, साडेसहा लिटर पेट्रोल, लिटरला १०७ रुपये. महिन्याच्या बारा फेऱ्यांना आठ हजारांवर गेले की! हप्ता आणि फोर्टातलं पार्किंग अजून धरलेलंच नाही.

आणि ते १ लाख ८० हजार मला शिल्लक वाटत नाहीत. तुम्हीच पुढे लिहिलंय: सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, पुतणीचं लग्न दिवाळीनंतर आहे. हे खर्च टळले नव्हते, नुसते थांबले होते. लस झाली, भीती ओसरली, की सगळे एकदम दारात येतात. माझंच सांगतो. दीड वर्ष लवंग धरून सांभाळलेली दाढ दुसऱ्या डोसनंतर दवाखान्यात नेली, आणि रूट कॅनल, कॅप मिळून ११,००० मोजून आलो.

तेव्हा आधी ऑपरेशन उरका. एक लाखाच्या पन्नास-पन्नास हजारांच्या दोन एफडी करा, म्हणजे गरज पडल्यास एकच मोडता येईल. व्याज पाच टक्क्यांच्या आसपास, फार नाही, पण हा पैसा वाढवण्यासाठी नाहीच. तुमची कोरोना कवच, म्हणजे फक्त कोरोनाच्या उपचारांपुरती विमा पॉलिसी, ऑक्टोबरमध्ये संपतेय आणि तेरा वर्षांच्या मुलाला अजून लस नाही. पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा, याच महिन्यात घ्या. नव्या पॉलिसीत आजारपणाला साधारण पहिले ३० दिवस संरक्षण नसतं, ते कवच चालू असतानाच सरू देत.

गाडीचं काय ते पुतणीचं लग्न आटोपल्यावर बघू. तेव्हा पत्रासोबत नोव्हेंबरच्या खर्चाची वही पाठवा, लॉकडाउनमधली नको.