आईला विचारल्याशिवाय निर्णयच होत नाही

प्रश्न: मी २१ वर्षांची, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या विषयापासून इंटर्नशिपपर्यंत सगळं आईला विचारून ठरवते. आता डिझाइनकडे वळायचंय, पण घरच्यांना अकाउंट्सच बरं वाटतं. वेगळं मत मांडायचं म्हटलं की छातीत धडधडतं. काय करू?

उत्तर: आईला विचारण्यात काहीच वावगं नाही. मानसशास्त्रज्ञ जेफ्री हॉफमन यांनी १९८४ मध्ये पालकांपासूनच्या मानसिक स्वातंत्र्याचे चार भाग मांडले: आपली कामं आपण निभावणं, स्वतःची मतं असणं, सतत पसंतीची गरज न भासणं आणि पालकांबद्दलच्या अपराधीपणातून, धास्तीतून, रागातून मोकळं असणं. पुढच्या अनेक अभ्यासांत मनःस्वास्थ्याशी सर्वांत ठळक नातं दिसलं ते या चौथ्याचं. तुझं तिथेच अडतंय. आईशी फोनवर बोलल्यावर तुझा विचार बदलत असेल, तर तो पटल्यामुळे की आई दुखावेल म्हणून, हे आधी तपास.

महिनाभर छोट्या निर्णयांवर सराव कर. फोन करण्याआधी तीन ओळी लिही: मला काय हवंय, का हवंय, अडचण काय. मग ‘काय करू?’ असं न विचारता ‘मी हे ठरवतेय, माझ्या नजरेतून काय सुटलंय?’ असं विचार. उत्तर ऐकल्यावर एक रात्र जाऊ दे. आईचा मुद्दा सकाळी स्वतःच्या शब्दांत पटवून सांगता आला, तरच निर्णय बदल.

बहुतेक मुलं पहिली कसोटी थेट करिअरच्या निर्णयावर लावतात. मग भांडण होतं, किंवा लपवाछपवी सुरू होते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन आणि जॉन लिंच यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की स्वातंत्र्य म्हणून मोजलं जाणारं बरंचसं खरं तर पालकांपासूनचं तुटलेपण असतं. तुला आई हवीच आहे, ती राहू दे.

डिझाइनचं बोलायला बसशील तेव्हा चार-पाच पूर्ण कामांचा पोर्टफोलिओ, कोर्सचा एकूण खर्च आणि प्रवेश हुकला तर पुढे काय, हे हाताशी ठेव. फी आई-बाबा भरणार असतील तर खर्चाच्या मर्यादेवर त्यांचा शब्द चालावा. तुझी आवड कोणती, यावर नाही. आई-बाबांशी आधी वेगवेगळं बोल, अर्ध्या तासात आटप आणि त्याच दिवशी होकार मागू नकोस. धडधडीमुळे झोप किंवा अभ्यास बिघडत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी समुपदेशकाला भेट.