रेन चेक म्हंजे पाऊस बघून कळवणं नव्हे
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, देवबागला आमचं छोटं होमस्टे आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यासाठी एकांनी चौकशी केली, मी रेट पाठवला, तर त्यांचा मेसेज आला ‘वी विल टेक अ रेन चेक’. आम्हाला वाटलं पावसाचा अंदाज बघून सांगतील, म्हणून रूम अडवून ठेवली, दुसरी फॅमिली परत पाठवली. नंतर त्यांचा फोन नाही की मेसेज नाही. असं का केलं असेल त्यांनी?
— एक वहिनी, देवबाग

उत्तर : वहिनी, त्यांनी तुम्हाला तेव्हाच नाही म्हटलं होतं हो, फक्त गोड शब्दांत. अमेरिकेत बेसबॉलची मॅच पावसाने बंद पडली की तिकिटाचा उरलेला तुकडा दाखवून पुढच्या मॅचला जाता यायचं, १८८०च्या दशकापासूनची पद्धत आहे ही, त्या तुकड्याला रेन चेक म्हणायचे. तिथून ते रोजच्या बोलण्यात आलं आणि आता त्याचा अर्थ एवढाच की आत्ता नको, पुढे कधीतरी बघू. मुलगी बघून गेलेली मंडळी ‘कळवतो’ म्हणतात ना, तसंच धरा. रूम अजिबात अडवायची नाही.

तुमच्या धंद्यात अजून दोन-तीन येतील ते पण सांगून ठेवते. ‘पेन्सिल अस इन’ म्हणाले तर तात्पुरतं लिहून ठेवा, कन्फर्म नाही, तेव्हा ॲडव्हान्स कधीपर्यंत देणार ती तारीख तिथल्या तिथे विचारून घ्या. ‘ऑन द हाउस’ म्हंजे मालकाकडून फुकट, त्यामुळे सोलकढीचे पैसे लावणार असाल तर हे चुकूनसुद्धा म्हणू नका. आणि कोणी रिव्ह्यूमध्ये तुमच्या खानावळीला ‘लव्हली लिटल होल इन द वॉल’ लिहिलं तर घाबरून भिंतीला पोपडे कुठे आलेत ते बघत बसू नका, ती तारीफ आहे! छोटी, साधी, बाहेरून लक्षातही न येणारी पण जेवण झकास अशी जागा असा अर्थ. इंग्लंडमध्ये मात्र एटीएमला पण होल इन द वॉल म्हणतात, त्यामुळे तिकडचा पाहुणा विचारत आला तर त्याला नोटा काढायच्या असू शकतात, थाळी नको असेल.

प्रश्न : मी रत्नागिरीचा, लवकरच जहाजावर ट्रेनी म्हणून जाणार आहे. सीनियर लोक काय काय म्हणतात ते अर्धं डोक्यावरून जातं. थोडे नेहमीचे सांगाल?
— होणारा खलाशी

उत्तर : तुला तर हे शहरातल्या मुलांपेक्षा लवकर समजेल बघ, कारण यातले बरेच शिडाच्या जहाजांवरूनच आलेत. ‘लर्न द रोप्स’ म्हंजे कामाच्या खाचाखोचा शिकणं, एकेका जहाजावर दोरांचं जंगल असायचं आणि कुठला दोर कुठल्या शिडाचा ते अंधारातही हाताला कळावं लागायचं. ‘टेकन अबॅक’ म्हंजे एकदम हबकणं. वारा अचानक पुढून आला की शीड उलटं डोलकाठीवर दाबलं जायचं आणि चालतं जहाज अडायचं, त्यावरून. ‘हाय अँड ड्राय’ तर तू रोज बघतोस, ओहोटीला खाडीतली होडी चिखलात कलंडून बसते आणि भरती येईपर्यंत कितीही ढकला हलत नाही, तसं कोणाला अडचणीत एकट्याला सोडून जाणं.

‘थ्री शीट्स टू द विंड’ मात्र जपून. इथे शीट म्हंजे शीड नाही, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. ते दोर सुटले की शीड फडफडतं, जहाज झोकांड्या खातं, म्हणून अर्थ दारू पिऊन तर्र. मित्रांत ठीक, अधिकाऱ्याबद्दल डेकवर बोललास तर महागात पडेल.

प्रश्न : मी आठवीत आहे. पावसाळ्याच्या निबंधात ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ लिहिलं, बाईंना आवडलं, पण पुण्याचा दादा म्हणाला असं आता कोणी बोलत नाही. कोण बरोबर?
— गुहागरची विद्यार्थिनी

उत्तर : दोघंही. मुसळधार पाऊस पडतोय या अर्थाचं हे वाक्य बरोबरच आहे आणि खूप जुनं, १७३८च्या छापील पुस्तकात सापडतं, पण बोलताना लोक जास्त करून ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. इंग्लंडमध्ये गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून पडायची म्हणून असं म्हणतात, ही गोष्ट तुला कोणीतरी सांगेल, तिला काही पुरावा नाही. आपल्याकडे तरी शाकारलेल्या घरावर पावसात कुत्रं चढलेलं कोणी बघितलंय का, ते मुकाट पडवीत येऊन बसतं. खरं मूळ कोणालाच सापडलेलं नाही. लिहायचं असेल तर आधी कॅट्स मग डॉग्ज हाच क्रम ठेव, उलट केलंस की लगेच खटकतं.