शाळेतल्या मुलांनी भाजीपाला पिकवून विकायचा असेल तर सुरुवात कशी करावी? परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषदेची शाळा आहे, सहावी-सातवीची मिळून तीसेक मुलं आहेत, शाळेमागे पाच गुंठे जागा पडून आहे आणि मुलांनी भाजी पिकवून गावातच विकावी असं तुम्हाला वाटतं. परवडतं. पण पाच गुंठ्यांना हात घालू नका, एक गुंठाही पुष्कळ होतो. आणि काय पेरायचं याच्या आधी कोण घेणार, कोणत्या दिवशी घेणार, हे मुलांनाच ठरवू द्या. शाळांच्या बागा बंद पडतात त्या बहुधा माती वाईट म्हणून नव्हे. सगळे वाफे एकाच दिवशी पेरले जातात, सगळी मेथी एकाच आठवड्यात तयार होते आणि घेणारं कोणी नसतं.

आधी एक गोष्ट कागदावर आणा. परसबाग म्हणून पोषण आहाराशी जोडलेला निधी किंवा बियाणं मिळालं असेल, तर ती भाजी मुलांच्या ताटातच जायला हवी. विक्रीचे वाफे वेगळे आखा आणि त्यांचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत घ्या: पैसा कुठे जमा होणार, सही कोणाची, नफ्याचं काय करायचं. पुढे गावात कुजबूज सुरू झाली की हा ठराव कामी येतो.

वाफा तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब ठेवा. यापेक्षा रुंद केला तर मुलांचा हात मध्यापर्यंत पोचत नाही, मग ती वाफ्यात पाय देतात आणि माती घट्ट होते. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट. असे बारा वाफे एका गुंठ्यात बसून वर जागा उरते. पाच-पाच मुलांचे सहा गट करा, प्रत्येक गटाकडे दोन वाफे. पावसाळ्यात गादीवाफा, म्हणजे माती चढवून उंच केलेला वाफा लागतो, विशेषतः काळ्या जमिनीत, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. दिवाळीनंतर सपाट वाफा बरा, कारण तेव्हा पाणी धरून ठेवायचं असतं. वाफ्याला दोन घमेली शेणखत पुरे, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते आणि तण तर हमखास येतं. मूठभर खत हातात घ्या: शेणाचा वास येत असेल किंवा ते गरम लागत असेल, तर अजून महिनाभर थांबा.

पहिल्या वर्षी मेथी, कोथिंबीर, मुळा आणि पालक एवढंच घ्या. टोमॅटोचा मोह सगळ्यांना होतो. पण टोमॅटोला तीन महिने लागतात, आधार बांधावा लागतो, पानं गोळा होण्याचा रोग येतो आणि नेमक्या वेळी बाजारात भाव पडलेला असतो. मुलांना पेरणी ते पैसे हा पूर्ण फेरा महिन्याभरात दिसला पाहिजे, तरच दुसऱ्या फेऱ्यात ती आपण होऊन सुधारणा सुचवतात.

मेथीला एका वाफ्याला २० ग्रॅम बी लागतं. फोकून, म्हणजे मुठीने विखरून पेरू नका. आठ-नऊ इंचांवर रेघा ओढून पेरा, म्हणजे रेघेत नसलेलं ते तण हे सहावीच्या मुलालाही कळतं. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते. किराणा दुकानातले धणे चालतात, पण पाटीवर घालून हलक्या हाताने रगडा, प्रत्येक दाण्याच्या दोन फाकी झाल्या पाहिजेत. मग रात्रभर भिजवून पेरा, उगवायला आठ-दहा दिवस लागतात. मुळ्याची विरळणी करून दोन रोपांत तीन-चार इंच सोडा, नाहीतर नुसता पाला हाती येतो. पालक जमिनीपासून दोन इंच ठेवून कापला की दोन-तीन आठवड्यांनी परत कापता येतो. कोणतंही बी आणलं की आधी २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासा. चौदाच्या खाली उगवले तर ते बी वापरू नका. कृषी केंद्रातलं गुलाबी किंवा निळा रंग चढवलेलं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं बी. ते मोठ्या माणसानेच पेरावं.

आता वेळापत्रक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आठवड्याला दोनच वाफे पेरा. मेथी महिन्याभरात निघते आणि वाफा पुन्हा तयार करायला आठवडा जातो, म्हणजे दहा वाफे बरोबर फिरत राहतात. उरलेल्या दोनांत पालक. कोथिंबीर-मुळ्याला दहा-पंधरा दिवस जास्त लागतात, त्या हिशेबाने मध्ये एखादी पेरणी सोडावी लागेल. पेरणी सोमवारी-मंगळवारी करा. शुक्रवारी पेरलं की रविवारी पाणी चुकतं, वरची माती पापडासारखी धरते आणि कोंब आतच अडकतात. दिवाळीच्या सुट्टीत काढणीला येईल असं काहीही पेरू नका. सुट्टी कधी लागते ते बघून पाच आठवडे मागे मोजा.

पाणी हिवाळ्यात एका वाफ्याला रोज दहा लिटरची एक झारी, मार्चपासून दोन. मुलं जास्त पाणी घालतात, कारण पाणी घालण्यात त्यांना मजा वाटते. थंडीच्या दिवसांत त्यानेच कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. बोट दोन पेरं मातीत घालून ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, हा नियम गटप्रमुखाकडे द्या. हात धुण्याच्या जागेचं पाणी वाफ्यांत सोडू नका. ते केळी-अळूकडे वळवा.

कीड आलीच तर निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून गाळा, दहा लिटर करा आणि थोडा साबण मिसळा. काढणीच्या आठवड्यात मारू नका, भाजी कडू लागते आणि गिऱ्हाईक तुटतं. माव्यासाठी पिवळे चिकट सापळे लावा. दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पानांचा अर्क मात्र शाळेत करू नका. त्यात धोतरा, कण्हेर यांसारखी विषारी पानं असतात. रासायनिक फवारणी तर मुलांच्या हाती कधीच देऊ नये.

विक्रीत पालेभाजीचा एकच शत्रू आहे, वेळ. सकाळी उपटलेली मेथी शाळा सुटेपर्यंत माना टाकते. म्हणून मागणी वही ठेवा. आदल्या दिवशी मुलं घरी आणि शेजारी विचारून येतात, परिपाठानंतर वहीत नाव आणि जुड्या लिहितात, शेवटच्या तासाला तेवढीच भाजी काढतात. माती झटकून, पाणी शिंपडून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली की तासभर टवटवीत राहते. जे मागितलं नाही ते वाफ्यातच राहू द्या, दोन दिवसांनी काढता येतं. जुडी २५० ग्रॅमची, पहिल्या काही काट्यावर तोलून. मग हाताला अंदाज येतो, तरी मधूनच एखादी तोलावी.

भाव गावच्या बाजाराइतकाच ठेवा. कौतुकाने पन्नास रुपये देणारे पालक आणि पाहुणे भेटतील. ते पैसे देणगी म्हणून वेगळे लिहा, विक्रीत मिसळू नका, नाहीतर आपला माल किती रुपयांचा हे मुलांना कधीच कळणार नाही. उधारी कोणालाही नाही, शिक्षकांनाही नाही. सरांकडे पैसे मागायला मुलं धजत नाहीत. उरलेली भाजी पोषण आहाराला द्या, पण वहीत ती न विकलेली म्हणूनच लिहा.

हिशेब असा बसतो. एका वाफ्यातून दोन ते अडीच किलो मेथी, म्हणजे आठ-दहा जुड्या. जुडी १५ रुपये धरली तर दोन वाफ्यांचे आठवड्याला २४० ते ३०० रुपये. बी, खत, सुतळी वजा जाता २०० च्या आसपास राहतात. वर्षात विक्रीचे आठवडे वीस धरले तर ४,००० रुपये. बांबू-जाळीचं कुंपण, झाऱ्या, खुरपी यांत पहिल्या वर्षी जवळपास तेवढेच जातात. कुंपणावर काटकसर नको, शेळी एका रविवारात महिन्याचं काम संपवते. हा खर्च चार वर्षांवर वाटून दर वर्षी हजार रुपये कसा धरायचा, हे सातवीच्या मुलांकडूनच करून घ्या. कोणी फुकट दिलेलं शेणखतही बाजारभावाने खर्चात लिहायला लावा.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या शालेय अभ्यासक्रमात शेतीही आहे आणि केलेल्या कामाचा खर्च काढणंही आहे. तुमच्या वह्यांचा नमुना ठरवताना तो अभ्यासक्रम जरूर बघा. वह्या तीन पुरतात: वाफ्याची, मागणीची आणि रोकड. रोकड वही रोज एका मुलाने लिहायची, दुसऱ्याने पैसे मोजायचे आणि मुख्याध्यापकांनी आठवड्याला सही करायची.

नफा मुलांत रोख वाटू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाच-पन्नास रुपयांवरून भांडणं होतात आणि घरून दबावही येतो. पुढच्या हंगामाचं बियाणं-खत आधी बाजूला काढा, बाकीचं काय करायचं ते मुलांनी बैठकीत ठरवावं.

शेवटची पेरणी मार्चच्या मध्यापर्यंत उरकायची, त्यानंतर कोथिंबीर उन्हाने फुलावर जाते. एप्रिलअखेर रिकाम्या वाफ्यांना भरपूर पाणी देऊन पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाका आणि कडा मातीत दाबा. मे महिन्यात चार-सहा आठवडे ऊन बसलं की तणाचं बरंच बी मरतं. आणि सातवी शाळा सोडून जाणार असेल तर मार्चपासूनच वह्या सहावीच्या हाती द्या. निदान एक महिना दोन्ही वर्गांनी मिळून हिशेब लिहिला, तरच जूनमध्ये बाग पुन्हा शून्यापासून उभी करावी लागत नाही.