प्रवासात रोजच्या साध्या दृश्यांचे फोटो काढण्यात अर्थ आहे का, आणि ते चांगले कसे काढावेत?

आपण लिहिले आहे की नोकरीनिमित्त एसटीने आणि रेल्वेने बराच प्रवास होतो, हातात साधा मोबाइल असतो, आणि गडकिल्ले किंवा सूर्यास्त यांच्यापेक्षा बसस्थानक, टपरी, आठवडी बाजार, सहप्रवासी अशा रोजच्या दृश्यांचे फोटो काढावेसे वाटतात. त्यात काही अर्थ आहे का, ते चांगले कसे येतील आणि त्यासाठी वेगळा कॅमेरा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझीही नोकरी फिरतीची आहे आणि हौशी छायाचित्रकार म्हणून मी प्रामुख्याने हेच फोटो काढत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

अर्थ निश्चितच आहे. रायगडाचा नगारखाना उद्याही जागेवर असेल आणि त्याचे फोटो दरवर्षी हजारो लोक काढतील; तालुक्याच्या बसस्थानकावरची चौकशीची खिडकी, फळ्यावर खडूने लिहिलेले वेळापत्रक किंवा घुंगरू बांधलेले रसवंतीचे चरक मात्र कधी नाहीसे होतात, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मुंबईत बेस्टची दुमजली बस १९३७ पासून धावत होती आणि जुन्या डिझेल बसपैकी शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेल्या, कारण त्यांतल्या शेवटच्या गाडीची नोंदणी २००३ सालची होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असते. निरोपाच्या दिवसांचे हार घातलेले फोटो भरपूर निघाले, पण त्यांत गर्दी दिसते, बसचे रोजचे आयुष्य दिसत नाही. वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या खिडकीशी बसायला मिळाल्यावर लहान मुलाचा खुललेला चेहरा, अरुंद जिन्यात पाठ टेकवून तिकीट देणारा कंडक्टर, टॅक्सीच्या डॅशबोर्डवरचा देव आणि त्याच्यासमोरचे प्लास्टिकचे फूल, असे फोटो ज्यांनी एखाद्या साध्या मंगळवारी काढून ठेवले, त्यांच्याजवळच त्या गाड्यांची खरी आठवण आहे. एसटीच्या कंडक्टरकडची रंगीत तिकिटांची पत्र्याची पेटी आणि तिकिटाला भोक पाडणारा चिमटा आठवणाऱ्या पिढीला आज त्याचा एखादा चांगला फोटो शोधायला सांगा, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल.

हे काम हौशी माणसांनीच करावे, यालाही आपल्याकडे जुना आधार आहे. फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये जगासमोर आला आणि पंधराच वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या माणसांचे फोटो काढले. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतूनच हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक चित्रमालिका निघत होती, तिच्यातही शहरातल्या निरनिराळ्या जातिजमातींची आणि व्यवसायांची माणसे मोठ्या प्रमाणावर होती. त्या काळी रसायन लावलेली काच ओली असतानाच तिच्यावर फोटो घ्यावा लागे आणि माणसाला काही सेकंद स्तब्ध राहावे लागे, त्यामुळे त्या फोटोंतली माणसे कामाची साधने हातात धरून उभी दिसतात, पण काम करताना दिसत नाहीत. आपल्या मोबाइलला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. जे त्यांना शक्य नव्हते ते आपल्याला सहज शक्य आहे, आणि म्हणूनच माणसाला कॅमेऱ्याकडे पाहून उभे राहायला सांगण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. चहा गाळणारा हात किंवा टोपली डोक्यावर चढवायला मदत करणारी दुसरी बाई असे चालू काम टिपावे.

आता फोटो चांगले येण्याबद्दल. बहुतेकांची अडचण कॅमेऱ्याची नसून घाईची असते. एखादी जागा आवडली की लगेच दहा फोटो काढून पुढे जाण्यापेक्षा त्या जागेशी थांबावे. बसस्थानकावर गाडीला अर्धा तास असेल तर प्रकाश कुठून येतो, माणसे कुठून कुठे जातात आणि पार्श्वभूमीला नको असलेले काय आहे, हे आधी पाहून घ्यावे आणि मग चौकटीत योग्य माणूस येण्याची वाट पाहावी. महाराष्ट्रातले दुपारचे ऊन छायाचित्राला फार कठोर असते. कपाळ पांढरे आणि डोळ्यांच्या जागी काळी सावली असा चेहरा येतो. अशा वेळी उन्हात फिरू नये, सावलीत शिरावे. फलाटाच्या छपराखालची कड, किराणा दुकानाचा दरवाजा, टपरीवरची ताडपत्री, या ठिकाणी उजेड बाजूने आणि मऊ येतो, आणि भर दुपारीसुद्धा उत्तम फोटो मिळतात.

मोबाइलच्या बाबतीत काही सवयी लावून घ्याव्यात. खिशात राहून भिंगावर बोटांचा तेलकटपणा बसतो, तो मऊ कापडाने पुसावा. रात्रीच्या दिव्यांभोवती दिसणारे धुरकट पसारे बहुतेकदा त्यामुळेच येतात. बोटांनी ताणून दृश्य जवळ आणू नये, चार पावले पुढे जावे. ज्या वस्तूवर लक्ष हवे तिथे पडद्यावर बोट दाबून धरल्यास बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड स्थिर होतो, आणि मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करता येतो. पांढरे धोतर, टोपी, फेटा उन्हात असतील तर हे अवश्य करावे, कारण सावलीतला तपशील नंतर उजळता येतो, मात्र पूर्ण पांढरा झालेला भाग परत मिळत नाही. एसटीचा लाल रंगही उन्हात असाच सपाट होतो. रुंद भिंगाने कडेला आलेले चेहरे ताणले जातात, म्हणून माणसे चौकटीच्या मध्याजवळ ठेवावीत.

चालत्या गाडीतून फोटो काढण्याचा विषय सर्वांत गोडीचा आहे, आणि त्यामागचे साधे गणित समजले की बराच फरक पडतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे सरकते. ढगाळ हवेत मोबाइलने फोटोसाठी उजेड आत घ्यायला सेकंदाच्या शंभराव्या भागाचा वेळ घेतला तर तेवढ्यात आपण २५ सेंटिमीटर पुढे गेलेलो असतो. रुळालगतचे झाड त्यामुळे पुसट येते, दूरच्या डोंगरावर मात्र परिणाम जाणवत नाही. वेळ सेकंदाचा हजारावा भाग केला तर हे अंतर अडीच सेंटिमीटरवर येते. ज्या फोनमध्ये हा वेळ हाताने ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी उपाय एवढाच की मधल्या आणि दूरच्या अंतरावरची दृश्ये निवडावीत आणि जवळचे दृश्य गाडी मंदावल्यावर टिपावे. फोन काचेला जवळजवळ टेकवावा, म्हणजे डब्यातल्या दिव्यांचे प्रतिबिंब येत नाही, पण पूर्ण दाबू नये, कारण काचेची थरथर फोनमध्ये उतरते. दारात लटकून काढलेला फोटो कितीही सुंदर आला तरी तो काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

कोकण रेल्वेचे उदाहरण घेतो, कारण हौशी मंडळींचा हा आवडता मार्ग आहे. तो आजही बहुतांशी एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी लहान स्थानकांवर थांबावे लागते. प्रवासी या क्रॉसिंगला कंटाळतात. छायाचित्रकारासाठी ती पर्वणी असते. गाडी स्थिर असते, फलाटावर कोणीतरी आमसुले किंवा करवंदे विकत असते, स्टेशनवरचा माणूस झेंडा घेऊन उभा असतो आणि मागे ओली हिरवाई असते. मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यातून बाहेर पडताच फोनला उजेडाशी जुळवून घ्यायला क्षणभर लागतो, म्हणून पहिली चौकट सोडून द्यावी. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाल्यापासून प्रत्येक दृश्यात खांब येऊ लागले आहेत. दोन खांबांमधला ठेका दोन-तीन वेळा पाहून मग बटण दाबले की ते टळतात. सकाळी मुंबईकडून दक्षिणेकडे जात असाल तर उजव्या हाताची खिडकी घ्यावी. सूर्य डावीकडे म्हणजे पूर्वेला असल्याने उजवीकडचा मुलूख त्या वेळी समोरून उजळलेला असतो. पावसाळ्यात वातानुकूलित डब्यातून उतरताच भिंगावर बाष्प धरते, तेव्हा घाईने पुसत बसू नये, पाच-दहा मिनिटे फोन बाहेरच्या हवेत राहू द्यावा.

गर्दीच्या प्रसंगांविषयी माझा एक आग्रह आहे, आणि तो पंढरीच्या वारीवरून सांगतो. दिवेघाटातली पताकांची रांग आणि रिंगणात धावणारा अश्व यांचे अप्रतिम फोटो दरवर्षी निघतात आणि निघत राहतील. पण तितकीच खरी वारी पहाटे टँकरपाशी लागलेल्या कळशांत असते. झाडाखाली वारकऱ्यांची दाढी करणारे, तुटलेल्या चपला शिवून देणारे, सुजलेल्या पायांना तेल चोळणारे स्वयंसेवक, एका वायरभोवती चार्जिंगला लावलेले वीस मोबाइल, हे कोणी मन लावून टिपले तर पन्नास वर्षांनी आजची वारी कशी चालत होती, हे त्यांतूनच कळेल. मात्र याच ठिकाणी मर्यादाही सर्वांत जास्त पाळावी लागते. उघड्यावर स्नान करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या किंवा थकून अस्ताव्यस्त झोपलेल्या माणसांचे फोटो काढू नयेत. ती माणसे नाइलाजाने उघड्यावर असतात. त्यांनी आपल्याला आत बोलावलेले नसते.

परवानगीबद्दल लोक उगाच संकोच करतात. “मावशी, तुमच्या भाजीचा एक फोटो काढू का?” एवढे विचारले की दहापैकी आठ जणी हसून मान डोलावतात, आणि जी नको म्हणते तिचा नकार तिथेच मान्य करून पुढे जावे. विचारल्यामुळे सहजता जाते, असे अनेकजण सांगतात. मला तो आक्षेप पटत नाही, कारण विचारून झाल्यावर दोन मिनिटे गप्पा मारल्या की माणूस आपल्या कामाला लागतो आणि तेव्हा मिळणारा फोटो चोरून काढलेल्या फोटोपेक्षा कितीतरी निवांत असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कोणत्याही मासळीबाजारात गिऱ्हाइकीच्या ऐन वेळी मध्ये उभे राहू नये, आधी खरेदी करावी, मग विचारावे. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये आणि सार्वजनिक तर मुळीच करू नये. त्या वाटेने पुन्हा जाणे होत असेल तर फोटोची छापील प्रत अवश्य नेऊन द्यावी. पुण्याचा लोहगाव आणि गोव्याचा दाभोळी हे विमानतळ संरक्षण दलांच्या तळांवर आहेत, तिथे आणि लष्करी भागांत फोन खिशातच ठेवावा. देवळांत आणि गोद्यांवर लावलेल्या सूचना वाचाव्यात.

काढलेल्या फोटोंचे पुढे काय करावे, हे आपण विचारलेले नाही, पण ते सांगितल्याशिवाय उत्तर अपुरे राहील. फोटोसोबत गाव, तारीख आणि दृश्यात काय चालले आहे, हे दोन ओळींत त्याच रात्री लिहून ठेवावे. “बाजार” असे लिहून उपयोग नाही. कोणत्या गावचा, कोणत्या वारी भरणारा, आणि विक्रीला काय होते, हे हवे. फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि, सोय चालू असल्यास, ठिकाणही नोंदलेले असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा आकार घटतो आणि ही नोंदही निघून जाते, म्हणून मूळ फाइल संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी. ज्या फोटोंत कोणाचा खाजगीपणा दुखावत नाही, ते मुक्त परवान्याने, म्हणजे कोणालाही वापरता येतील असे, विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर द्यावेत. मराठी विकिपीडियावरच्या गावांच्या अनेक लेखांना आजही एकही फोटो नाही.

कॅमेऱ्याविषयी माझे मत असे की निदान एक वर्ष घेऊ नये. वर्षभराचे फोटो एकत्र पाहिल्यावर आपली नेमकी अडचण कळेल. संध्याकाळनंतरचे फोटो सतत खरखरीत येत असतील किंवा चालत्या गाडीतून जवळचे दृश्य हवेच असेल, तर ज्यात उजेडाचा वेळ हाताने ठरवता येतो असा लहान, पिशवीत मावणारा कॅमेरा घ्यावा, तोही जुना चालेल. कोकणात नेहमी जाणे असेल तर त्याच्यासोबत हवाबंद डबा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घ्याव्यात, कारण दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते आणि ती काढायला येणारा खर्च अनेकदा भिंगाच्या किमतीच्या जवळ जातो. अडचण यांपैकी कोणतीच नसेल, तर ते पैसे छापील प्रतींवर आणि एसटीच्या तिकिटांवर खर्च करावेत.