दंड पन्नास रुपये, मुदत तीन महिने

ताई, तुमचं पत्र ३० ऑगस्टला हातात पडलं, म्हणून आधी तारखेचं बोलू. शेजारी ८ जूनला घराला कुलूप लावून मुंबईला गेले आणि गाभण लॅब्रॅडोर कुत्री पडवीत साखळीला तशीच राहिली. ११ तारखेला तुम्ही तिला सोडवून घरी आणलंत, पुढे तिची नसबंदी करून घेतलीत. आता शेजारी ती परत मागतायत आणि चोरीची तक्रार करू म्हणतायत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याचं कलम ३६ सांगतं, की गुन्हा घडल्यापासून तीन महिने उलटले की खटला दाखल करता येत नाही. तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरलाय, त्यातही गौरी-गणपतीच्या सुट्ट्या.

‘पोलिसांत तक्रार केलेली आहे’ असं तुम्ही लिहिता. तुमच्याकडे आहे ती एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत. जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून जाणं हा या कायद्याखाली अदखलपात्र गुन्हा. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, आणि एन.सी. नोंदली म्हणजे खटला दाखल झाला असं होत नाही. तरी अडीच महिने तुम्ही ठाण्याच्या फोनची वाट बघत बसलात. दर पावसाळ्यात मला अशी पत्रं येतात. मे महिना संपतो, चाकरमानी परततात, कुत्री मागे राहतात. बहुतेक पत्रं मुदत संपल्यावर पोचतात. जनावरासाठी रात्रभर सलाईन धरून बसणारी माणसं एका अर्जासाठी तालुक्याला जात नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, मग कशाला धावायचं, असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. ऐकू नका. कलम २९ प्रमाणे मालक दोषी ठरला तरच त्याचा जनावरावरचा हक्क काढून घेण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, तोही जनावर परत गेल्यास पुन्हा हाल होतील असं पुराव्याने पटलं तर. खटलाच नसेल तर हे कलम उघडत नाही. मग तुम्ही कितीही खर्च केलेला असो, कागदोपत्री कुत्री त्यांचीच. गणपतीला गावी आलेले शेजारी आज ती परत मागतायत, ते याच जोरावर.

तेव्हा कोर्टाचा पहिला कामाचा दिवस गाठून दापोलीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद दाखल करा. सोबत साखळीचे तारीखवार फोटो, डॉक्टरांची बिलं, एन.सी.ची प्रत, आणि शेजाऱ्यांचा ‘आता वेळ नाही, गणपतीत बघू’ हा व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडा. संदेशाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. निकालाला वर्षं लागतील. पण दाखल करण्याची तारीख तुमच्या हातात आहे. उशीर माफ होईल किंवा गुन्हा ११ तारखेपर्यंत चालूच होता, असे युक्तिवाद करता येतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

चोरीच्या तक्रारीच्या धमकीने घाबरू नका. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि तुम्ही त्याच आठवड्यात पोलिसांना कळवलं होतं. नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतल्याची भरपाई ते मागतील, त्यात कोर्ट काय म्हणेल हे आज सांगता येत नाही. ती का करावी लागली हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. पिल्लं विकायचा धंदा बुडाला म्हणत असतील तर २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांखालची नोंदणी त्यांनाच दाखवू दे.

शेजारी समेटाला तयार असतील तर उत्तम. कुत्रीवरचा हक्क कायमचा सोडल्याचं पत्र, त्यांची सही, दोन साक्षीदार, त्यात एक पोलीस पाटील. मात्र ‘विसर्जनानंतर बघू’ हे चालणार नाही, सही मिळेपर्यंत फिर्यादीची तयारी थांबवू नका.

आता पिल्लांचं. सात पिल्लं सात घरी दिलीत आणि एकाही घराकडून कागद घेतला नाहीत. त्यातल्या मादी वर्षभरात माजावर येतील आणि पुढच्या जूनला कुठल्या तरी पडवीत हेच घडेल. त्या घरांकडून आजच लिहून घ्या: लसीकरण करू, डॉक्टर सांगतील त्या वयात नसबंदी करू, सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडे परत आणून देऊ. अशा कागदाची कोर्टात किती किंमत होईल ते सोडा, सही केलेला माणूस शस्त्रक्रियेला नाही म्हणताना कचरतो. दोन घरं खर्चामुळे मागे हटली तर तो खर्च तुम्ही गोळा करा. पुढच्या सात पिल्लांपेक्षा तो कमीच येईल.